एका टबात चार पुदिने

मावशी, ते पत्र मी लिहिलेलं.

बघ, लिहून टाकलं एकदाचं. एवढं एक वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले. वही उघडायची, स्वरा येऊन पेन ओढायची, आणि मला मनातनं बरंच वाटायचं की चला, आज नाही झालं. नववीत शाळा सुटली त्यानंतर मी काही लिहिलंच नाही, ते एक पत्र सोडलं तर. आणि त्याच्याखाली मी नाव नाही घातलं. तू त्या मीटिंगला होतीस, माझ्या शेजारीच बसलेलीस, सेक्रेटरी काका ते वाचत होते आणि माझी पोरगी तुझ्या मांडीवर झोपलेली.

तुला जाऊन आज दहा दिवस झाले. रविवारी वर्षाताई येतेय मुलुंडहून, खोली आवरायला. फोनवर म्हणाली, भांडीबिंडी वाटून टाकू, मला काही नको, फक्त आईचा तो गावचा पुदिना तेवढा वेगळा काढून ठेव दिपा, मी घरी लावते. मी हो ताई म्हटलं. हो म्हणून फोन ठेवला आणि तुझ्या दारात जाऊन त्या टबासमोर बसले, आणि मावशी, तो पुदिना जिवंत आहे का तेच मला माहीत नाही. टबात सगळं हिरवंगार आहे. पण चुरगळून बघितलं की एकच वास येतो, थंड, नाकात शिरणारा. तो तुझ्या गावचा नाही. आणि गावचा मेला असेल तर तो माझ्यामुळे मेला.

तू माझ्याशी पहिल्यांदा बोललीस तेही पुदिन्यावरनंच. मी लग्न होऊन चारकोपला आले, तुझ्या बाजूच्या खोलीत, कोणाला ओळखत नव्हते, सागर सकाळी पॅकिंगच्या कारखान्यात गेला की संध्याकाळीच यायचा. त्यात दिवस गेलेले आणि पाणी प्यायलं तरी उलटी. भाजीवाल्याकडे मी पुदिन्याची जुडी उचलली तर मागनं हात आला आणि जुडी काढूनच घेतली माझ्या हातातनं. "ही काहून घेतली?" म्हणालीस. "पानं बघून घेती का? दांडी बघ ना माय." मग भाजीवाल्याच्या सगळ्या जुड्या उलथ्यापालथ्या केल्यास. तो वैतागला, मावशी काय लग्नाची साडी निवडताय का म्हणाला, तर तू म्हणालीस साडी फाटली तर दुसरी येते, पोरीच्या पोटात गेलेलं परत येत नाही. आणि तेव्हा मला अशी लाज वाटली, कारण मी कोणाला सांगितलंच नव्हतं अजून.

त्याच जुडीतल्या चार दांड्या तू मला बाजूला काढून दिल्यास. जाड, बुडाशी जांभळट, आणि पेरावर बारीक पांढरे फोड आलेल्या. तिथनंच मूळ फुटतं म्हणालीस. खालची पानं काढ, वरची चार ठेव, स्टीलच्या ग्लासात पाणी घाल आणि रोज बदल, पाणी शिळं झालं की दांडी सडती. आठव्या दिवशी दोऱ्यासारखी मुळं आली तर मी ग्लास घेऊन अशी धावत आले तुझ्याकडे, पोट सांभाळत, आणि तू ओरडलीस की पुदिना राहू दे, तू पडशील. सगळं आठवतंय मला. त्या वेळी माझी आईसुद्धा माझ्याजवळ नव्हती.

तुझ्या दारापुढं चार कुंड्या होत्या. पसरट, कमी उंचीच्या, कारण पुदिन्याचं मूळ खाली जात नाही, आडवं पळतं. पहिला बाजारी, चटणीचा, जुडीतनं लावलेला. दुसरा तू पवईला कॅन्टीनमधे पोळ्या लाटायचीस तिथल्या माळ्यानं दिलेला, काळपट हिरवा, त्याला तू गोळीवाला म्हणायचीस कारण चावलं की खोकल्याच्या गोळीसारखी जीभ गार पडायची. तिसरा वर्षाताईनं बोरिवलीच्या नर्सरीतनं आणलेला, चॉकलेटच्या वासाचा. त्याला तू किती बोललीस, पुदिन्यानं पुदिन्यासारखं वागावं, हे काय सोंग. पण दुपारी एकटी असलीस की त्याचाच चहा करून प्यायचीस. मी दोनदा पकडलं तुला. म्हणालीस, वर्षीला सांगू नको, उद्या आंब्याच्या वासाचा आणेल.

आणि चौथा तुझ्या आईचा. बुलढाण्याकडे तुमच्या घरामागं न्हाणीचं पाणी जायचं त्या ओलीवर वाढलेला. बारीक गोल पानं, वास एकदम हलका, लिंबाच्या जवळ जाणारा. तुझी आई गेली तेव्हा घर भावांचं झालं, तू फक्त तेवढं एक मूळ ओल्या फडक्यात बांधून एसटीनं मुंबईला आणलंस. बजावून बजावून सांगायचीस की याचं बी कुठं मिळत नाही आणि बी मिळालं तरी तसाच उगवेल असं नाही, पुदिना मुळावरनंच पुढं न्यायचा. हा गेला म्हणजे गेला.

आणि एक गोष्ट तू मला शंभरदा सांगितलीस. दोन सवती एका घरात नांदतील, दोन पुदिने एका कुंडीत नांदत नाहीत. वरनं गरीब दिसतो, जमिनीखालनं शेजाऱ्याच्या घरात शिरतो. ज्याच्यात जोर जास्त तो दुसऱ्याला खातो. हे मला माहीत होतं, मावशी. पत्र लिहिताना पण माहीत होतं, फक्त तेव्हा मी तिथवर विचारच नाही केला.

स्वरा तीन महिन्यांची होती तेव्हा तिचं नाक चोंदलं, तिला दूध ओढता येईना आणि मी घाबरून तुझ्या गोळीवाल्याची मूठभर पानं तोडली, ठेचली, रुमालात बांधली आणि तिच्या नाकाशी नेत होते. तू दारातनं बघितलंस आणि असा हिसका मारलास की माझी बांगडी फुटली. एवढ्याशा लेकराच्या तोंडाशी तो न्यायचा नसतो, श्वास अडकतो, तुला कोणी शिकवलं हे म्हणून तू ओरडलीस. मी रडायला लागले तशी तू पण तिथंच खाली बसलीस आणि रुमाल सोडून पानं बाहेर टाकलीस, हात साबणानं दोनदा धुतलेस आणि मग पोरीला घेतलंस. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई पण तेच म्हणाल्या. तिथनं मला असं झालं की मावशी आहे ना, मग मला नाही कळलं तरी चालेल.

घाबरणं माझं तेव्हापासूनचंच. तू चिडवायचीस, म्हणायचीस दिपे, तुझ्या पोरीला शिंक आली तरी तू देवाला गाऱ्हाणं घालतेस. पण कोणी नव्हतं ना गं दिवसभर. तुझ्याशिवाय कोणी नव्हतं. आणि मी तुझ्यावरच उलटले.

त्या वेळी मागच्या गल्लीत दोघांना डेंग्यू झालेला. स्वराला ताप आला, तिसऱ्या दिवशीही उतरेना, डॉक्टरीणबाईंनी टेस्ट लिहून दिली. एवढ्याशा हातातनं रक्त काढलं, मीच धरलेला तो हात. रिपोर्ट उद्या म्हणाले. घरी आले आणि दुपारी मच्छरदाणीवर एक डास बसलेला दिसला. मी टाळी मारायला गेले, तो उडाला, दारातनं बाहेर, तुझ्या कुंड्यांच्या दिशेनं. बस, एवढंच. आणि तुझ्या कुंड्यांखालच्या थाळ्या ओल्या चमकत होत्या. मी काही जवळ जाऊन बघितलं नाही. मला वाटलं सापडलं. कोणामुळे झालं ते सापडलं की माणसाला बरं वाटतं ना, तसं.

वहीचं पान फाडलं आणि लिहिलं की शकुंतलाबाईंच्या कुंड्यांमुळे डास होतात, लहान मुलं आजारी पडतात, तरी कारवाई करावी. मावशी नाही लिहिलं, शकुंतलाबाई लिहिलं. आणि ते सेक्रेटरी काकांच्या दाराखालनं सरकवायला गेले तेव्हा स्वराला कोणाकडे ठेवलं? तुझ्याकडे. दोन मिनिटं बघ हिला, दुकानात जाऊन येते म्हटलं. परत आले तर तू तिच्या कपाळावर पाण्याची पट्टी बदलत होतीस आणि म्हणालीस, काय आणलं नाहीस का गं दुकानातनं? मी म्हटलं, बंद होतं.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. डेंग्यू नव्हता. साधा व्हायरल. पाचव्या दिवशी पोरगी रांगायला लागली आणि मी देवाला नारळ फोडला आणि पत्राचं म्हटलं, निनावी आहे, कोण विचारतंय, फेकून देतील.

नाही फेकलं. मीटिंगमधे काकांनी ते सगळ्यांसमोर वाचलं. तुझं नाव आलं तेव्हा तू हललीसुद्धा नाहीस, मांडीवर पोरगी उठेल म्हणून. पहिल्या खोलीतल्या काकू हसून म्हणाल्या, पुदिन्यानं कुठं डास होतात, पळून जातात उलट. पण दोन लहान मुलांच्या आया आणखी होत्या, त्या पण बोलल्या, मग सगळेच बोलायला लागले. तू म्हणालीस थाळीत रेती भरलेली आहे, पाणी साठत नाही, कोणी येऊन बघा. कोणी उठलं नाही. मीही नाही उठले. मला बाजूलाच राहून माहीत नव्हतं की ती रेती होती. ओली रेती चमकत होती.

मग तू हळूच म्हणालीस, "ज्याला भीती वाटली त्यानं माझं दार वाजवायचं होतं. माझं दार काय कडी लावून असतं का?"

तेवढंच. कोणाकडे बघून नाही म्हणालीस. आणि मग परत म्हणालीस की गल्लीत लेकरं आहेत, तुम्ही ठरवाल ते करते. ठरलं की दारापुढं प्रत्येकानं एकच कुंडी ठेवायची.

दोन दिवसांनी डास तपासणारी माणसं आली, टॉर्च घेऊन. तुझ्या थाळ्यांमधे बोट घालून बघितलं, रेतीच रेती. मग माझ्या घरात आले. फ्रीजवर माझी मनीप्लांटची बाटली, लग्नात कोणीतरी दिलेली, ती त्यांनी उजेडात धरली आणि म्हणाले, ताई, हे बघा, नाचतायत. मावशी, त्यात बारीक अळ्या वळवळत होत्या. पोरीच्या पाळण्यापासून चार हातांवर ती बाटली. मीच वाढवत होते. तू दारात उभी होतीस. आत आलीस, त्या माणसाच्या हातातनं बाटली घेतलीस, बाहेर जाऊन तापलेल्या लादीवर पाणी ओतलंस आणि त्यांना म्हणालीस झालं, जा पुढच्या घरी, बाई एकटी असते लेकराला घेऊन.

मी तेव्हा सांगायला पाहिजे होतं. तोंडापर्यंत आलेलं. पण माझ्या तोंडातनं भलतंच आलं. म्हटलं, मावशी, आता मीटिंगमधे सांग की तुझ्याकडे काही सापडलं नाही, तुझ्या कुंड्या परत ठेव. तू बाटली उलटी करून ठेवत म्हणालीस, "मग कोणाच्या घरात सापडलं तेही विचारतील ना."

आणि गेलीस आपल्या घरी. हे वाक्य मी तेव्हापासून किती वेळा मनात वाचलं असेल. तुला माहीत होतं का? माहीत असून म्हणालीस, की नुसतीच माझी अब्रू झाकायला म्हणालीस? तू असतीस तर मी एक दिवस विचारलं असतं. असं मी म्हणते. विचारलं असतं का कोण जाणे.

मग तू कपडे भिजवायचा मोठा टब घेतलास, गॅसवर स्क्रूड्रायव्हर तापवून त्याला खाली भोकं पाडलीस, बाथरूमच्या फुटक्या टाइल्स उभ्या घालून चार खण केलेस आणि चारही पुदिने त्यात लावलेस. मी विचारलं, नांदतील का? तू म्हणालीस, भिंती तर घातल्यात, बघू. एक खरं सांगू? माझ्या दारापुढं तुळस होती. ती आत खिडकीत घेऊन मला तुझ्या आईचा पुदिना माझ्या दारात ठेवता आला असता, एक कुंडी माझी, एक तुझी. तेव्हा सुचलं नाही असं मी म्हणू शकले असते. पण सुचलेलं. सासूबाई गावावरनं आल्या तर तुळस हलवून शेजारणीचा पुदिना ठेवला म्हणून काय बोलतील, हेच मनात आलं आणि मी गप्प बसले. तू मला कधी काही मागितलं नाहीस, मीच आपली मनातल्या मनात नाही म्हणाले.

आपलं एक भांडण अर्धंच राहिलं, तेही आठवतंय. तू म्हणायचीस बाहेरनं दहावीला बस. मी म्हणायचे आता काय करायचंय शिकून, आणि स्वराला कोण बघणार? तू म्हणायचीस, मी काय मेले का? दर वेळी हेच. आता मी काय बोलू, मावशी. आता मला उत्तर देता येतं पण द्यायचं नाहीये.

तू आठ दिवसांसाठी म्हणून मुलुंडला गेलीस वर्षाताईकडे, गुडघा दाखवायला. तिसऱ्या दिवशी फोन केलास. माझी तब्येत नाही विचारलीस, आधी म्हणालीस, "कोण जिंकतंय गं?" मला कळलंच नाही आधी, मग हसू आलं. मी सांगितलं, गोळीवाला सगळीकडे दिसतोय, चॉकलेटवाला तर गेलाच. तू म्हणालीस, टाइलच्या खालनं गेला असेल चोर, माझ्या आईच्याची पानं खुडू नको, त्याला जरा श्वास घेऊ दे, मी आले की वेगळा करते. आणि मी म्हटलं, मावशी, मला तुला एक सांगायचंय. सांग की, म्हणालीस. तेवढ्यात दूध उतू गेलं आणि स्वरा गॅसकडे धावली, मी म्हटलं, आल्यावर सांगते. बरं, आल्यावर, म्हणालीस.

त्यानंतर दोन दिवसांनी सकाळी चहा टाकलास आणि तिथंच ओट्याला टेकून खाली बसलीस, असं वर्षाताई म्हणाली. गुडघा दुखतोय म्हणून बसलीस असं तिला वाटलं.

मी आलेले मुलुंडला, सागरनं सुट्टी टाकली. तू पांढऱ्या साडीत होतीस. सगळे बुद्धवंदना म्हणत होते, मला शब्द येत नव्हते, मी नुसते हात जोडून उभी. तुझ्या बोटांना पुदिन्याचा वास येतो का बघावं असं वाटत होतं. पाच दिवस मुलुंडला होतीस, नसणारच म्हणा. पण हात लावायचं धाडस नाही झालं.

आज शनिवार, मी टब उपसला. पेपर पसरले आणि सगळी माती उलटी केली. मुळांचा असा गुंता, शेवया फुगून एकमेकींत अडकतात तसा. तुझ्या टाइल्स जागच्या जागी होत्या, पण मुळं त्यांच्या बुडाखालनं पांढरी पांढरी इकडनं तिकडे गेलेली. मी एक एक दांडी सोडवून वास घेतला. गोळीवाला. गोळीवाला. गोळीवाला. दहा पानांनंतर नाकच गेलं, सगळं गार लागायला लागलं, मग पिठाच्या डब्यात तोंड घालून श्वास घेतला, परत सुरू. स्वरा मातीत बसून खेळत होती, सेक्रेटरी काका जाता जाता म्हणाले, काय गं, काय शोधतेस? मी म्हटलं, काही नाही. बघ, तेव्हाही काही नाहीच म्हटलं.

संध्याकाळ व्हायला आली तेव्हा कोपऱ्यातल्या टाइलच्या मागं एक दांडी मिळाली. सुईएवढी बारीक. वर नखाएवढी सहा पानं, गोल. मी एक पान तोडलं, अर्धंच, आणि चुरगळलं. हलका वास आला. लिंबासारखा? मला वाटलं, हो. परत घेतला, वाटलं नाही, ही उपाशी राहिलेली कुठलीपण पानं अशीच बारीक होतात आणि त्यांना वास कमीच असतो, हे तूच सांगितलेलं. तिसऱ्यांदा घेतला तर काहीच नाही.

इथपर्यंत लिहून ठेवलेलं. रविवार होऊन आठवडा गेला, आता पुढचं लिहिते.

वर्षाताई अकराला आली. तुझी खोली उघडली, पाच मिनिटं आतच होती, मी बाहेर थांबले. मग बाहेर आली, डोळे पुसून म्हणाली, कुठाय पुदिना? मी ती बारीक दांडी दह्याच्या डब्यात ओल्या मातीत लावून ठेवलेली. तिच्या हातात दिली. तिनं लगेच पानाला बोट लावलं, नाकाशी नेलं, आणि माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "हाच ना गं? मला नाही कळत वास. आई सांगायची तेव्हा मी कधी लक्षच दिलं नाही. तूच सांग, तुला शिकवलंय तिनं."

मावशी, मला फक्त हो म्हणायचं होतं. तिचा चेहरा असा झालेला की कोणीपण हो म्हटलं असतं. ती डबा घेऊन गेली असती, तिच्या खिडकीत लावला असता, आणि काहीपण उगवलं असतं तरी तिला तो आजीचाच वाटला असता. कोणालाच कळलं नसतं.

मी म्हटलं, माहीत नाही ताई. आणि मग थांबताच येईना, सगळंच सांगितलं. पत्र, थाळीतली रेती, बाटली, तुळस, सगळं. ती उभीच होती. मधे एकदा फक्त स्वरानं तोंडात माती घातली ती बोटानं काढली. मला वाटलं आता मारेल. मग म्हणाली, आईला माहीत होतं? मी म्हटलं, मला नाही माहीत.

ती पायरीवर बसली. मग म्हणाली, "बारा दिवस झाले, जो येतो तो मला सांगतो माझी आई किती चांगली होती. तू पहिली आलीस काहीतरी वाईट घेऊन." मी रडत होते, मी म्हटलं, ताई, माफ कर. ती म्हणाली, "ते मला नको मागू. ते तिचं काम होतं, आणि ती नाहीये. मी तिच्या वतीनं नाही करणार."

बरोबर बोलली ती. मला लागलं, पण बरोबर बोलली.

मला वाटलं आता डबा घेऊन जाईल आणि परत माझं तोंड बघणार नाही. पण ती उठली नाही. पेपरावरचा तो मुळांचा ढीग बघत म्हणाली, यात अजून असेल का? मी म्हटलं, असू शकतो, मुळाचा बोटभर तुकडा जरी जिवंत असला तरी फुटतो. मग तिनं ओढणी कमरेला बांधली. आम्ही दोघी बसलो. ती मुळं सोडवायची आणि मी जाड काळपट ती बाजूला टाकायचे, बारीक फिकट ती ठेवायचे. एकदा ती म्हणाली, आई दात घासायच्या आधी याचं पान चावायची. मी म्हटलं, हो, आणि चॉकलेटवाल्याचा चहा प्यायची चोरून. ती हसायला गेली आणि तिला हुंदका आला.

चौदा तुकडे निघाले. बारीक, पांढरे, सांगता येत नाही कुणाचे ते. घरात असतील नसतील ते दह्याचे डबे, आइसक्रीमचे डबे, दुधाच्या पिशव्या काढल्या, सगळ्यांना खाली भोकं पाडली आणि प्रत्येकात एक तुकडा लावला. एका डब्यात दोन नाही ठेवले. सात ती घेऊन गेली पिशवीत उभे करून. ती बारीक दांडी मी तिलाच दिली. सात माझ्याकडे आहेत, खिडकीच्या ग्रिलला आतनं बांधलेत, सकाळचं ऊन येतं तिथं. सेक्रेटरी काकांकडे पण गेले. म्हटलं, काका, ते निनावी पत्र माझं होतं आणि मावशीच्या थाळीत पाणी नव्हतं, अळ्या माझ्या घरात निघालेल्या. ते चष्मा काढून बघत राहिले, म्हणाले, आता सांगून काय उपयोग? मी म्हटलं, वहीत लिहा. त्यांनी लिहिलं का ते मी बघितलं नाही.

महिन्याभरात पानं मोठी होतील, तेव्हा वास धरतील. तेव्हा कळेल. ताई जाताना म्हणाली, मला तर ओळखता येणार नाही, तू तुझ्याकडचे बघ आणि मुलुंडला येऊन माझ्याकडचे पण बघ, आणि दिपा, नसला तर नसला असं सांग. मला बरं वाटावं म्हणून काही बोलू नको.

मी हो म्हटलंय. रोज सकाळी मी त्या सात डब्यांसमोर उभी राहते आणि मला भीती वाटते, मावशी. दोन डब्यांत हिरवं टोक वर आलंय. अजून पान तोडायचं नाही, तू सांगायचीस चार जोड्या झाल्याशिवाय हात लावायचा नाही. चार जोड्या झाल्या की मी पोरीला झोपवेन, हात धुईन आणि एक पान घेईन. तो तुझ्या आईचा नसला, चौदांतला एकही नसला, तरी वर्षाताईला फोन मीच करायचाय. मी करेन. रडेन, अडखळेन, पण त्याच दिवशी करेन.